मसाजने कंबरदुखी बरी होते का? पुरावा काय म्हणतो आणि माझे हात काय म्हणतात

तुमचा प्रश्न मी समजले तो असा. वय ४४, डोंबिवली ते सीएसएमटी रोजची लोकल, फोर्टमध्ये दिवसभर हिशेबाचं बैठं काम. आठ महिन्यांपासून कंबर दुखतेय. एमआरआयमध्ये एल-४ एल-५ची गादी थोडी बाहेर आल्याचं लिहिलंय. ठाण्यातल्या एका थेरपिस्टकडे आठवड्यातून दोनदा जाता, एका वेळचे बाराशे रुपये. त्यांचं म्हणणं, मणका जागचा हललाय, फॅशिया (स्नायूंभोवतीचं आवरण) आखडलीय, वीस सिटिंग लागतील. सहा झाली. टेबलावरून उठलात की दोन दिवस छान जातात, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आई म्हणते गावी ये, पायाळू माणसाची लाथ घे. मेहुणा म्हणतो सगळे मनाचे खेळ. आणि तुम्ही विचारताय की या हातांच्या उपचारांना शास्त्राचा आधार आहे की नाही.

मी चोवीस वर्षं दादरला फिजिओथेरपी करतेय आणि त्यातला बराच वेळ माझे हात कुणाच्या तरी पाठीवरच गेलेत. माझ्या समजुतीप्रमाणे तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. हातांनी दुखणं कमी होतं का? होत असेल तर कशामुळे? आणि उरलेली चौदा सिटिंग घ्यावीत का? पहिल्याचं उत्तर ‘हो, थोडं आणि थोड्या दिवसांपुरतं’ असं आहे. दुसऱ्याचं उत्तर तुम्हाला टेबलावर मिळालं त्याहून बरंच वेगळं आहे, आणि तिसरं या दुसऱ्यावर अवलंबून आहे.

त्याआधी एक गोष्ट विचारायलाच हवी, कारण तुम्ही ती लिहिलेली नाही. रात्री झोपेतून उठवेल असं दुखतं का? संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, न कळत उतरलेलं वजन? पायातली ताकद कमी होतेय, लघवी-संडासवरचा ताबा सुटतोय, बसायच्या जागी बधिर वाटतंय? यातलं एकही असेल तर हे उत्तर इथेच सोडा आणि डॉक्टरांकडे जा. ताबा सुटणं, बधिरपणा किंवा पायातली ताकद जाणं असेल तर आजच्या आज. काही वर्षांपूर्वी सव्वीस वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली, चार महिने दुसरीकडे मसाज करून. प्रत्येक वेळी तासभर बरं वाटायचं म्हणून ती जात राहिली. मी मणक्यावर बोटांनी हलकं ठोकलं, तर एका ठिकाणी ती दचकली. ताप येतो का विचारलं तर आई म्हणाली, ‘संध्याकाळी अंग गरम लागतं, पण ट्रेनच्या दगदगीने असेल.’ मणक्याचा टीबी निघाला. औषधांनी ती बरी झाली, पण ते चार महिने वाया गेले होते. मुंबईत कंबर दुखते म्हणणाऱ्या माणसाला हे प्रश्न विचारल्याशिवाय मी हात लावत नाही. तुमच्या थेरपिस्टनी ते विचारले होते का, हे आठवून बघा.

असं काही नाही असं धरून पुढे जाते.

आईंचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका, कारण पुरावा म्हणजे काय हे मला त्यातूनच नीट समजावता येतं. माझी मावशी पायाळू. चिपळूणजवळच्या आमच्या आजोळी कुणाला उसण भरली की तो माणूस सकाळी अंगणात येऊन ओणवा उभा राहायचा, मावशी डाव्या पायाने पाठीवर तीनदा हलकं मारायची आणि तो चहा घेऊन जायचा. बहुतेक जण बरे व्हायचे. कुणी खोटं बोलत नव्हतं. पण उसण भरलेली कंबर बहुतेकांची काही दिवसांत ते काही आठवड्यांत आपोआप सुटते, आणि माणूस मावशीच्या दारात येतो तो दुखणं अगदी टोकाला गेल्यावर. टोकावरून पुढची वाट बहुधा उताराचीच असते. त्या उताराचं श्रेय लाथेला मिळतं, गोळीला मिळतं, मसाजला मिळतं, आणि खरं सांगायचं तर मलाही मिळतं. ‘मॅडम, तुमच्या हाताला गुण आहे’ हे वाक्य मी हजारदा ऐकलंय. त्यातला किती गुण माझा आणि किती दिवसांचा, हे मला एका पेशंटकडे बघून कधीच कळणार नाही. त्यासाठी माणसांचे दोन गट लागतात. एकाला उपचार द्यायचा, दुसऱ्याला दुसरं काहीतरी, आणि कोण कुठल्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं.

असे प्रयोग झालेत, भरपूर झालेत. २००७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला एक अभ्यास मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. सिडनीत नुकतीच कंबर धरलेल्या २४० जणांना डॉक्टरांनी पॅरासिटामॉल आणि ‘हिंडतेफिरते राहा’ हा सल्ला दिला. त्यावर काहींना हातांचे उपचार दिले, काहींना नुसतं दाखवायला बंद मशीन फिरवलं. बरं होण्याच्या वेगात फरक पडला नाही. म्हणजे ताज्या उसणीत चांगला सल्ला मिळाला असेल तर हातांचे उपचार त्यात फारशी भर घालत नाहीत. दुसरीकडे २०१७ मध्ये जामा या नियतकालिकात अशा बऱ्याच अभ्यासांची एकत्र बेरीज आली. त्यात ताज्या कंबरदुखीत मणक्यांच्या मॅनिप्युलेशनने, म्हणजे सांध्याला हातांनी दिलेल्या झटक्याने, पहिल्या सहा आठवड्यांत १०० पैकी साधारण १० गुणांनी दुखणं कमी झालेलं दिसलं. १० गुण म्हणजे काय? ६० चं दुखणं ५० वर येतं. जाणवतं, पण काठी टाकून पळायला लागावं असं ते नाही.

तुमचं दुखणं मात्र आठ महिन्यांचं, म्हणजे जुनाट. त्याबद्दल २०१९ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात ४७ अभ्यास आणि ९,२११ माणसांचा आढावा आला. मॅनिप्युलेशन आणि मोबिलायझेशन (झटका न देता सांधा हळूहळू हलवणं) हे व्यायामासारख्या शिफारस झालेल्या उपचारांइतकेच उपयोगी ठरले, फार वरचढ ठरले नाहीत. मसाजबद्दल २०१५ चा कॉक्रेनचा (वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) आढावा २५ अभ्यासांचा, तीन हजारांवर माणसांचा. काहीच न करण्यापेक्षा मसाजने थोड्या काळासाठी दुखणं कमी झालं, लांबच्या पल्ल्यात तो फायदा दिसेना, आणि अभ्यासांचा दर्जा असा की लेखकांनी स्वतःच्या निष्कर्षावर फारसा भरवसा ठेवला नाही.

इथे एक अडचण आहे, तीही समजून घ्या. गोळीच्या प्रयोगात खोटी गोळी देता येते, देणाऱ्यालाही ते माहीत नसतं. मसाज करणाऱ्याला मात्र आपण खरा मसाज करतोय की खोटा हे कळणारच. आणि ज्याला मसाज मिळाला नाही तो मुळातच खट्टू असतो, त्याला विचारलं की तो ‘काही फरक नाही’ म्हणणार. त्यामुळे ‘मसाज विरुद्ध काहीच नाही’ अशा प्रयोगात मसाज आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. तुल्यबळ खोटा उपचार समोर ठेवला की फरक आक्रसतो. फ्रान्समध्ये ४०० जणांवर खऱ्या आणि बनावट ऑस्टिओपॅथीची (हातांनी सांधे-स्नायू हाताळण्याची एक पद्धत) तुलना झाली, २०२१ मध्ये ती छापून आली. रोजच्या हालचालींतल्या अडचणीच्या मोजपट्टीवर १०० पैकी जेमतेम साडेतीन गुणांचा फरक निघाला.

मग मेहुणा बरोबर म्हणायचा का? नाही, आणि हे मी ठामपणे म्हणते. ‘मनाचे खेळ’ म्हणजे तुमचं दुखणं खोटं आणि बरं वाटणंही खोटं, असा त्याचा सूर असेल तर तो चुकतोय. दुखण्याचा आवाज कमीजास्त करणारी यंत्रणा शरीरात आहे, ती मज्जारज्जूत आणि मेंदूत आहे, आणि स्पर्श तिच्यापर्यंत पोचतो. पोराचा गुडघा फुटला की आई आजूबाजूला चोळते. तो स्पर्शाचा निरोप मज्जारज्जूत वेदनेच्या निरोपाला अडवतो, असा सिद्धांत मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडला. त्याचे तपशील पुढे बदलले, पण मज्जारज्जूत वेदना अडवता येते हा गाभा टिकला. शिवाय त्वचेत असे काही मज्जातंतू आहेत जे हळूवार, संथ फिरणाऱ्या हातालाच सगळ्यांत जास्त प्रतिसाद देतात. त्यात भर म्हणजे तासभर कुणीतरी शांतपणे तुमच्याकडे लक्ष देतंय, फोन बंद आहे, अंग सैल पडलंय. डोंबिवलीच्या गर्दीत एका पायावर उभं राहून आलेल्या शरीराला हा तास लागू पडला तर त्यात नवल नाही.

म्हणून आता दुसरा प्रश्न, ‘कशामुळे’. मला सगळ्यात जास्त इथेच बोलायचंय.

‘मणका जागचा हललाय, मी बसवतो’ हे वाक्य घ्या. १९९८ मध्ये स्वीडनमध्ये दहा जणांच्या कण्याचा तळ कटीच्या हाडाला जिथे जुळतो त्या सांध्याच्या हाडांत बारीक धातूचे मणी बसवून, विशिष्ट एक्सरेने मॅनिप्युलेशनच्या आधी आणि नंतर सांध्याची जागा मोजली गेली. उपचारानंतर हातांनी केलेल्या तपासण्या ‘आता ठीक झालं’ म्हणाल्या. सांधा होता तिथेच होता. ‘कट्’ आवाज झाला म्हणजे हाड बसलं, हेही तसंच. तो आवाज सांध्यातल्या द्रवात अचानक पोकळी तयार होण्याशी जोडलेला आहे. २०१५ मध्ये बोटाच्या सांध्यावर चालू एमआरआयमध्ये ती पोकळी दिसली. आणि फॅशिया? मांडीच्या बाहेरची किंवा तळपायाची जाड फॅशिया एक टक्का दाबायलासुद्धा माणसाच्या हातात नसलेला जोर लागेल, असं २००८ च्या एका गणिती अभ्यासात निघालं. तुमच्या थेरपिस्टच्या अंगठ्याखाली काहीतरी सैल होतं, ते खरंच. पण सैल होतो तो स्नायूंचा ताण, आणि तो मज्जासंस्था सोडते.

मी स्वतः कित्येक वर्षं पेशंटना म्हणायचे, ‘इथे गाठ आहे बघा.’ मनापासून म्हणायचे. एकदा मी आणि माझ्या क्लिनिकमधल्या सहकारी मुलीने एक करून बघितलं. पेशंटच्या परवानगीने तिने खांद्यामागची ‘मुख्य गाठ’ शोधून निळ्या पेन्सिलीने खूण केली, पारदर्शक प्लॅस्टिक ठेवून ती उतरवून घेतली आणि स्पिरिटने पुसली. मग ती बाहेर गेली, मी आत आले आणि माझी खूण लाल पेन्सिलीने केली. असे आठ पेशंट. संध्याकाळी आम्ही ते कागद ट्यूबलाइटसमोर धरले. तिघांच्या खुणा दोन बोटांच्या आत पडल्या होत्या. पाच जणांच्या बाबतीत तिची गाठ एकीकडे, माझी दुसरीकडे, एकाच्या तर चक्क उलट्या खांद्याला. आणि आठहीजण घरी जाताना ‘मोकळं वाटतंय’ म्हणाले होते. हा काही शास्त्रीय अभ्यास नव्हे, पण मोठ्या अभ्यासांतही बोटांनी असे बिंदू शोधण्यात तज्ज्ञांचं फारसं एकमत होत नाही. त्या दिवसापासून मी गाठ हा शब्द सोडला. ‘इथे दाबलं तर दुखतंय का?’ एवढंच विचारते.

याच्याशी जुळणारं मोठं काम २०११ मध्ये अमेरिकेत झालं. जुनाट कंबरदुखीच्या ४०१ जणांचे तीन गट. एकाला दहा आठवडे नेमके स्नायू-फॅशिया शोधून करायचा मसाज, दुसऱ्याला साधा आराम देणारा मसाज, तिसऱ्याला नेहमीचे उपचार. दहा आठवड्यांनी दोन्ही मसाज गटांतल्या एक तृतीयांशाहून जास्त जणांनी दुखणं खूप कमी झालं किंवा गेलं असं सांगितलं. नेहमीच्या उपचारांच्या गटात असे ४ टक्के. वर सांगितलेला खट्टूपणा यातून वजा करायला हवा. पण ‘खास’ मसाज आणि साधा मसाज यांत काही फरक निघाला नाही, आणि वर्षाअखेरीस जे उरलं ते अगदी थोडं होतं. याचा तुमच्यासाठी अर्थ असा की बाराशे रुपयांच्या खास तंत्रातलं ‘खास’ तुम्हाला बरं करत नाहीये.

तुम्ही म्हणाल, बरं वाटतंय ना, मग कारण खोटं असलं तर काय बिघडलं? फुलबाजारात हार विकणाऱ्या एक मावशी माझ्याकडे आल्या. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी सांगितलं होतं, मणका सरकलाय, वाकू नका. तेव्हापासून त्या खाली बसल्या नव्हत्या. स्टुलावर बसून हार करायच्या, पट्टा चोवीस तास, नातवाला उचलणं बंद. मी पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, मावशी, जरा पुढे झुका. त्यांनी आधी श्वास धरला. मग पाठ फळीसारखी कडक झाली. मग त्या चार बोटं झुकल्या आणि थांबल्या. एमआरआय तुमच्यापेक्षा फार वेगळा नव्हता. त्यांची कंबर दुखत होती यात शंका नाही, पण त्यांना अडवत होतं ते वाक्य. हातांनी मी त्यांना तेव्हाही मदत केली. पंधरा मिनिटं पाठ सैल केली, आणि ती सैल असतानाच झुकायला लावलं, श्वास सोडत. सातव्या खेपेला त्यांनी जमिनीवरची रिकामी टोपली उचलली, आणि पट्टा माझ्या टेबलावर विसरून गेल्या.

तुमच्या गादीबद्दलही एवढं सांगते. काहीही दुखत नसलेल्या ३,११० माणसांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ मध्ये आला. विशीतल्या ३० टक्क्यांची गादी फुगलेली होती, ऐंशीतल्या ८४ टक्क्यांची. चाळिशीत फुगलेली गादी सापडणं हे बरंचसं डोक्यावर पांढरा केस सापडण्यासारखं आहे. पायात गुडघ्याखाली कळ जात असेल, मुंग्या येत असतील तर गोष्ट वेगळी, मग ती गादी नस दाबत असेल आणि तुम्हाला नीट तपासून घ्यायला हवं. नुसती कंबर दुखत असेल तर त्या रिपोर्टला एवढं घाबरू नका.

आता बोट माझ्याच पेशाकडे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. व्यायाम आहे, मसाज आणि मॅनिप्युलेशनही आहे, पुरावा कमकुवत असल्याची नोंद करून. पण ट्रॅक्शन (कंबर ताणणं), अल्ट्रासाउंडचा शेक, टेन्स (विजेचे सौम्य झटके) आणि कंबरेचे पट्टे नेहमी वापरू नयेत असंही त्यात आहे. मुंबईतल्या कितीतरी फिजिओ क्लिनिकमध्ये आजही अर्धा तास याच मशीनवर जातो. म्हणजे मसाजवाल्याकडून उठून तुम्ही मशीनवाल्याकडे गेलात तर फार काही मिळवलं नाहीत. ब्रिटनच्या नाइस या संस्थेचा २०१६ पासूनचा सल्ला मला सगळ्यात व्यवहारी वाटतो: हातांचे उपचार द्यायचे तर व्यायामासोबतच, एकटे नाही.

किती सिटिंग, हे माणसागणिक बदलतं. झोप किती, घरचा ताण किती, नोकरीची धास्ती आहे का, आधी कधी असं दुखलं होतं का, अंगाला व्यायामाची सवय आहे का, यावर. तुम्हाला न बघता मी आकडा सांगणार नाही. पण चार ते सहा खेपांत फायद्याचे दिवस दोनाचे चार, चाराचे सहा होत नसतील, तर त्याच तंत्राची आणखी चौदा सिटिंग घेतल्याने ते होतील असं मानायला मला कारण दिसत नाही. तुमची सहा झालीत आणि दोनाचे दोनच आहेत.

तुमच्या जागी मी असते तर मसाज एकदम बंद केला नसता. तुम्हाला दर खेपेला दोन मोकळे दिवस मिळतात, आणि सध्या ते तुम्ही खुर्चीवर घालवताय. पुढच्या चार खेपा आठवड्याला एक अशा करा, शक्यतो शनिवारी सकाळी, आणि ते दोन दिवस हालचालीला द्या. सीएसएमटीहून शेअर टॅक्सी पकडता असं लिहिलंय, ती सोडा आणि ऑफिसपर्यंत चाला. सिडनीतल्या संशोधकांनी २०२४ मध्ये लॅन्सेटमध्ये ७०१ जणांवरचा अभ्यास छापला. कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या ज्या लोकांना टप्प्याटप्प्याने चालणं वाढवायला शिकवलं, त्यांच्यातल्या निम्म्यांचं दुखणं परतायला २०८ दिवस लागले, काहीच उपचार न दिलेल्यांत ११२. तुम्ही अजून उठलेले नाही, म्हणून हे जसंच्या तसं लागू होत नाही, पण जुनाट दुखण्यातही हालचाल वाढवण्याचीच दिशा बहुतेक आढावे दाखवतात. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटं, मग पंधरा. चालताना थोडं दुखलं आणि रात्रीपर्यंत पूर्वपदाला आलं तर चालू ठेवा. दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच राहिलं तर अंतर निम्मं करा, शून्य करू नका. घरी खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, आणि पाण्याची अर्धी बादली उचलणं, आठवड्याला थोडं पाणी वाढवत.

थेरपिस्टना एवढंच सांगा, की मानेला झटका नको. क्वचित का होईना, तशा झटक्यानंतर मेंदूला रक्त नेणारी धमनी फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत, आणि तुमचं दुखणं कंबरेचं आहे. बाकी पाठ हवी तितकी चोळू द्या. मणका सरकल्याचं पुन्हा म्हणाले तर वाद घालायची गरज नाही, पण घरी येऊन कंबर वाकवून पायाच्या बोटांकडे हात न्या, जेवढे जातील तेवढे, रोज.

वहीत एका ओळीत तारीख, किती मिनिटं चाललात आणि संध्याकाळी दुखणं दहापैकी किती, एवढं लिहून ठेवा. सहा आठवड्यांनी ती वही मला दाखवा. त्यातला दुसरा रकाना वाढत असेल आणि तिसरा तसाच असेल तरी घाबरू नका, बहुतेकांचं आधी चालणं वाढतं आणि दुखणं मागाहून उतरतं. दोन्ही रकाने जागचे हलले नसतील, तर समोरासमोर तपासायलाच हवं, माझ्याकडे किंवा तुमच्या घराजवळ जो कुणी आधी तासभर प्रश्न विचारेल त्याच्याकडे.